खेळ सुटल्यावर

रविवारी सायंकाळी नवी मुंबईतील वाशी रेल्वेस्थानकाच्या परिसरात मोठी वर्दळ असते. चित्रपटगृहातील खेळ सुटला की त्या गर्दीत आणखी एक लोंढा येऊन मिसळतो. त्यातील माणसे चटकन ओळखू येतात, कारण ती सारी एकदमच बोलत असतात. "झकास!" "छे, पैसे फुकट गेले." "पुढच्या शुक्रवारी लागणारा याहून चांगला असेल, पाहा." दोन-अडीच तास अंधारात मुकाट्याने बसलेल्या माणसाला उजेडात येताच मत सांगितल्यावाचून राहवत नाही.

अशाच एका रविवारी एक आजोबा आपल्या नातवंडांसह एक मराठी चित्रपट पाहून बाहेर पडले. प्रेक्षागृहात तीस-चाळीसच माणसे होती. नातीने तोंड उघडण्यापूर्वीच बारा वर्षांच्या नातवाने निकाल देऊन टाकला, "अगदी कंटाळवाणा!" एवढ्यावर तो थांबला नाही. रिक्षाची वाट पाहत असतानाच ताईचा मोबाइल घेऊन, "कोणी जाऊ नका," असा निरोप तो इमारतीतील मित्रांसाठी लिहू लागला.

आजोबांनी विचारले, "कंटाळा नेमका कोठे आला रे?"

"सगळीकडेच!"

"नदीच्या प्रसंगातसुद्धा?"

नातू गप्प झाला. नदीचा प्रसंग चालला असता तो पॉपकॉर्न आणावयास बाहेर गेला होता.

"निरोप जरा थांबव," आजोबा म्हणाले. "आज चालतच घरी जाऊ. वाटेत तुला एका प्रेक्षकाची गोष्ट सांगतो."

तो प्रेक्षक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. इतर लोक पाहून घरी गेले. फाळके मात्र पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. पडद्यावर चित्रे हालतात कशी, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. आणि रामकृष्णांची चरित्रे अशीच दाखविता येतील काय, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. पुढे कित्येक महिने ते सारखे चित्रपट पाहत राहिले. त्या श्रमाने त्यांची दृष्टीच गेल्यासारखी झाली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते विलायतेस गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, रोपाच्या वाढीची चित्रे महिनाभर घेतली आणि ती सारी वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखविली.

"राजा हरिश्चंद्र" हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला. स्त्रिया काम करण्यास तयार होईनात, तेव्हा उपाहारगृहात नोकरी करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. मुंबईकरांनी चित्रपट उचलून धरला. सुरतेस मात्र पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. तेथे दोन आण्यांत सहा-सहा तासांचे नाटक पाहावयास मिळे. मग तासा-दीड तासासाठी तीन आणे कोण मोजणार? फाळक्यांनी लगेच जाहिरात फिरविली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत! दुसऱ्या दिवसापासून गर्दी लोटली.

नातीने विचारले, "खरेच दोन मैल होता, आजोबा?"

"तूच मोज. एका फुटात सोळा चित्रे बसतात, आणि एक मैल म्हणजे ५,२८० फूट."

तिने मोबाइलवर भागाकार केला. उत्तर आले सुमारे ३,५६० फूट, म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही!

"म्हणजे लोक फसले!" नातू हसत म्हणाला.

"जाहिरातीने ते आत गेले, हे खरे. पण आत गेल्यावर बसून राहिले ते राजाची कथा पाहून. आणि जाहिरात एक-दोन दिवस पुरते. पुढे चित्रपट चालतो तो पाहून आलेल्यांच्या बोलण्यावर."

मग आजोबांनी "संत तुकाराम"ची हकीकत सांगितली. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली प्रकाशित झाला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. पुढील वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यातील एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने रचला होता. तो इतका साधला होता की, पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला आणि जाणत्यांनीही तो गाथेत शोधून पाहिला. चित्रपट आवडल्याची याहून मोठी पावती ती कोणती!

नातू थोडा वेळ निमूटपणे चालला. मग म्हणाला, "पण आजोबा, कंटाळवाणा असेल तर कंटाळवाणा म्हणूच नये का?"

"अवश्य म्हणावे. पण नवा चित्रपट शुक्रवारी लागतो आणि रविवारी रात्रीपर्यंत किती तिकिटे खपली, यावर त्याचे पुढचे खेळ ठरतात. मोठ्या चित्रपटाला एखादा वाईट शब्द बाधत नाही. या बिचाऱ्याला तीस-चाळीसच माणसे होती. तुझ्या एका निरोपाने त्यातली चार कमी होतील. ती कशासाठी कमी झाली, एवढे तरी त्यांना कळू दे."

"उत्तरार्ध मलाही संथ वाटला," ताई म्हणाली. "मात्र मुलगा नदीवर आईची वाट पाहतो, तेव्हा कोणी एक अक्षर बोलत नाही, फक्त पाण्याचा आवाज येतो. तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या."

"मला वाटले, आवाजच गेला असेल!" पायरीवरून ऐकलेले नातवाला आठवले आणि तिघेही हसले.

घराच्या फाटकाशी दिव्याखाली उभे राहून त्याने जुना निरोप पुसून नवा लिहिला: "चित्रपट पाहिला. उत्तरार्ध संथ आहे. आजोबांचे काम करणारा नट फार चांगला. नदीचा प्रसंग मी पाहिला नाही. ताई म्हणते, त्यासाठी जावे."

दोन मित्रांनी जाण्याचे ठरविले. पुढील शुक्रवारी त्यांनी तिकिटांची चौकशी केली, तेव्हा त्या चित्रपटाचा दिवसाला एकच खेळ उरला होता; तोही सकाळी साडेनऊचा, शाळेच्या वेळेचा.