हिरवी पडलेली पिशवी वाचत नाही

आषाढ सरत आला की बीड जिल्ह्यातल्या अळिंबी उत्पादकांची तक्रार एकच असते. पिशवी पांढरीशुभ्र झाली होती, रन, म्हणजे धाग्यांची वाढ, झकास आला होता आणि दोन रात्रींत हिरवी पडली. यंदा धिंगरीवाल्यांपेक्षा रेशीवाले जास्त हवालदिल आहेत, आणि त्यांचे बरोबरही आहे. धिंगरीची पिशवी गेली तर काड आणि स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, जातो. रेशीच्या, म्हणजे गॅनोडर्माच्या पिशवीत लाकडाचा भुसा, कोंडा, ऑटोक्लेव्हची वीज आणि तीन-चार महिन्यांची वाट पाहणे असते. माल औषधी म्हणून विकायचा, त्यामुळे औषध मारून वेळ मारून नेण्याचा रस्ताही बंद.

हा हिरवा रंग ट्रायकोडर्माचा. तुरीच्या मर रोगासाठी बीजप्रक्रियेला जिचे पुडे वापरायला सांगितले जाते, तिच्याच गोत्रातली ही बुरशी. तुरीच्या मुळाशी ती रोगाच्या बुरशीवर तुटून पडते म्हणून शेतकऱ्याची मैत्रीण. पण अळिंबी हीसुद्धा बुरशीच आहे आणि ट्रायकोडर्मा माणूस बघून वैर धरत नाही. गेवराईकडच्या एका उत्पादकाच्या शेडमध्ये दर खेपेला दाराजवळच्या मांडणीवरच्याच पिशव्या हिरव्या पडत. स्पॉनवाल्याशी भांडण झाले, भुसा बदलला, पाणी बदलले. शेवटी त्याच मांडणीच्या वरच्या फळीवर ट्रायकोडर्माचा अर्धा उघडा पुडा सापडला. पेरणीच्या वेळी बियाण्याला चोळून उरलेला, तोंड मुडपून ठेवलेला. घरातला प्रत्येक माणूस शेतातून आला की तिथेच टॉवेल झटकायचा.

खरीप आणि अळिंबी एकाच अंगणात नांदतात, तिथे ही गोष्ट आधी समजून घ्यावी. बीजप्रक्रिया, शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळणे, आले-हळदीला आळवणी ही कामे करणाऱ्याने त्याच कपड्यांत अळिंबीच्या खोलीत पाऊल टाकू नये. शक्य असेल तर त्या दिवशी खोलीचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावे. पुडे गोठ्यात ठेवा, माळ्यावर ठेवा, पण स्पॉन, कोंडा आणि रिकाम्या पिशव्या असतात त्या खोलीत नको.

हा रोग काही मराठवाड्याच्या नशिबीच आलेला नाही. १९८५ च्या सुमाराला उत्तर आयर्लंडमधल्या बटन अळिंबीच्या शेडांत त्याने हाहाकार उडवला आणि नव्वदच्या दशकात कॅनडा व अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात उत्पादकांचे कंबरडे मोडले. त्या आक्रमक प्रजातीला २००२ मध्ये ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम असे नाव मिळाले. धिंगरीवर येणाऱ्या प्रजाती वेगळ्या आहेत, पुड्यातल्या आणखी वेगळ्या. पण भुसा आणि कोंडा यांनी भरलेली उबदार, ओली पिशवी मिळाली की कुणीही जात विचारत नाही. तिकडच्या उत्पादकांनी वाट काढली ती मुख्यतः स्वच्छतेतून.

नवखा माणूस फसतो तो रंगामुळे. ट्रायकोडर्मा सुरुवातीला हिरवी नसतेच. ती पांढरी, कापसासारखी आणि अळिंबीच्या धाग्यांपेक्षा वेगाने पसरणारी असते. ‘यंदा रन लवकर आला’ म्हणून जो खूश होतो, त्याची पिशवी तीन-चार दिवसांनी हिरवी होते. याच्या उलटही घडते. रेशीचे धागे जुने झाले की त्यांच्यावर पिवळसर-तपकिरी कातडी धरते, कधी तांबूस थेंब सुटतात. हा रेशीचा स्वभाव आहे. केज तालुक्यात एका बचत गटाने असल्या चांगल्या पिशव्या रोग समजून उकिरड्यावर टाकल्या आणि हिरव्या मात्र पुसून पुन्हा मांडणीवर ठेवल्या.

पुसणे हा सगळ्यांत घातक उपाय. हिरवी पूड म्हणजे बीजाणूच. कोरड्या फडक्याने डाग पुसला की ते खोलीभर उडतात. त्याहून घातक म्हणजे पिशवी खोलीतच उघडून ‘खराब भाग कापून टाकणे’. मग गोमूत्र आहे, हळदीचे पाणी आहे, ताक आहे. एकाने तर जीवामृत फवारले. गूळ आणि बेसन घातलेले, जिवाणूंनी खदखदणारे पाणी निर्जंतुक केलेल्या पिशवीवर! जीवामृताची जागा शेतात असेल, अळिंबीच्या खोलीत नाही. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात काड भिजवण्याची जुनी पद्धत धिंगरीसाठी अनेक वर्षे शिकवली गेली. औषधी अळिंबीसाठी ती विसरून जा. रेशी ताजी भाजी म्हणून कुणी खात नाही. ती वाळवून पूड होते किंवा तिचा अर्क निघतो, आणि त्याबरोबर जे काही आत शिरले असेल तेही आटून घट्ट होते. खरेदीदार अवशेषांची तपासणी मागतो. तिथे बुरशीनाशक निघाले तर माल परत येतो आणि गावाचे नावही जाते.

मग करायचे काय? आधी डाग कुठे आला ते बघायचे. तो जागेवरून बोलतो. डाग पिशवीत सगळीकडे विखुरलेला असेल तर निर्जंतुकीकरण कच्चे राहिले. ज्वारीच्या दाण्यापाशीच हिरवे फुटले असेल तर स्पॉन खराब होता. तोंडाशी, कापसाच्या बोळ्याखाली चार-पाच दिवसांत आले असेल तर गार करताना, स्पॉन टाकताना किंवा बोळ्यातून शिरकाव झाला. आणि पंधरा-वीस दिवसांनी छिद्रापाशी, कापाशी दिसले तर खोली आणि माशा.

बीड जिल्ह्यात यातला तिसरा प्रकार पावसाळ्यात सगळ्यांत जास्त, आणि त्याचे मूळ बहुधा ओल्या बोळ्यात असते. ऑटोक्लेव्हमधून निघालेला बोळा बोटांनी दाबून बघा. दमट लागला तर त्यातून बुरशी आत उतरणारच, मग आतला भुसा कितीही निर्जंतुक असो. वाफ देण्याआधी बोळ्यावर जाड कागद किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल बांधायचे, दाब आपोआप उतरू द्यायचा, आणि ओला झालेला बोळा आधीच निर्जंतुक करून ठेवलेल्या कोरड्या बोळ्याने ज्योतीजवळ बदलायचा. पाच मिनिटांचे काम. पण लोक पिशव्या गार व्हायला उघड्या पडवीत, पंख्याखाली ठेवतात. गार होताना पिशवी बाहेरची हवा आत ओढते, आणि पडवीतली हवा म्हणजे शेण, काड आणि धूळ.

निर्जंतुकीकरणाचा हिशेबही बहुतेक जण चुकवतात. १५ पौंड दाबाला १२१ अंश तापमान मिळते ते भांड्यातली हवा पूर्ण निघून गेल्यावर. हवा अडकली तर काटा १५ दाखवतो आणि आत तापमान कमीच राहते. आधी वाफेची जोरदार धार सुटू द्यायची, मग झडप बंद करायची, आणि काटा पोचल्यावर भुशाच्या पिशव्यांसाठी दीड ते दोन तास मोजायचे. बटण दाबल्यापासून नाही. मधेच लाइट गेली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. परळीच्या औष्णिक केंद्रातून वीज राज्यभर जाते, पण शेजारच्या वस्तीवर ती दुपारी टिकेल याची खात्री कुणी देत नाही. तेव्हा खाली लाकडाची किंवा गॅसची सोय असलेले भांडे बरे.

ज्यांच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही, ते लोखंडी ड्रममध्ये वाफ देतात. १०० अंशांवर सहा-आठ तास दिले तर ट्रायकोडर्मा मरते, पण काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात. अशांनी कोंडा हात राखून घालावा. कोंड्याच्या बाबतीत हाव नडते. भुशात साधारण २० टक्के कोंडा पुरेसा असतो. त्याच्या वर गेले की उत्पादन वाढण्याआधी हिरवी बुरशी वाढते. ओलही तशीच: मूठ दाबल्यावर तळहात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये.

भुसा कोणता, यावरही दोन शब्द. सॉ मिलमधून सरसकट पोते उचलू नका. सागवान लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दाद देत नाही, म्हणून तर घराला वापरतात; रेशी ही लाकूड कुजवणारीच बुरशी. आंब्याचा भुसा चालतो. बीड रेशीम शेतीत आघाडीवर आहे आणि तुतीच्या फांद्या बांधावर जळून जातात. चीनमध्ये तुतीच्या फांद्यांच्या चुऱ्यावर रेशी घेतली जाते. फवारणी न झालेल्या तुतीच्या फांद्या वाळवून, बारीक करून थोड्या पिशव्यांवर करून बघायला हरकत नाही. धिंगरीवाल्यांनी मात्र २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात भिजून काळे पडलेले सोयाबीनचे काड, गंजीत उरले असेल तर, वापरू नये. ते आधीच बुरशीचे घर आहे. शिजवून ते नवे होत नाही.

रेशीम शेडचीच अळिंबीची खोली करणाऱ्यांना एक फायदा आहे: शेड रिकामी करून ब्लीचिंग पावडरने धुण्याची त्यांना सवय असते. तोटा गोणपाटाचा. उन्हाळ्यात गारव्यासाठी टांगलेली गोणपाटे श्रावणातही तशीच ओली लोंबत असतात, आणि ताग हे ट्रायकोडर्माचे आवडते खाद्य. ती उलटी करून बघा, पाठीमागे हिरवी छटा दिसेल. पावसाळ्यात हवेतच ओल असते. गोणपाटे काढून टाका, भिंतींना आणि जमिनीला पाणी द्या, पिशव्यांवर नको. खिडक्यांना बारीक जाळी हवी, कारण अळिंबीवरच्या माशा आणि कोळी अंगावर बीजाणू घेऊन पिशवी पिशवीला फिरतात. आत पिवळे चिकट सापळे लावावेत. काम नेहमी नव्या पिशव्यांकडून जुन्यांकडे करत जावे, उलट कधीच नाही.

हिरवी पिशवी दिसली की हलवायची नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके डागावर अलगद ठेवायचे, वरून मोठी प्लॅस्टिक पिशवी चढवायची, तोंड बांधायचे आणि खोलीबाहेर नेऊन वाफ द्यायची किंवा शेडपासून लांब खड्ड्यात पुरायची. दहातल्या दोन-तीन पिशव्या हिरव्या असतील तर उरलेल्यांचा मोह धरण्यापेक्षा खोली रिकामी करावी. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण अर्धी खोली राखलेल्याची पुढची बॅचही गेलेली बीडमध्ये बघायला मिळते.

पावसात बाभळीच्या किंवा गुलमोहराच्या बुडाशी चकचकीत तांबडी छत्री उगवते, ती आणून ‘रानातली रेशी’ म्हणून विकणारेही निघाले आहेत. कोकणात फणसावरचा फणसोंबा लहान मुलांच्या तोंडाला उगाळून लावण्याची रीत जुनी आहे, पण तिथे कोणत्या झाडावरचे काय हे पिढ्यांना ठाऊक असते. बाभळीखालची छत्री कोणत्या जातीची, हे डोळ्यांनी ठरत नाही. ती विकू नये. आणि स्वतः पिकवलेल्या रेशीच्या पाकिटावरही ‘मधुमेह, कर्करोग बरा होतो’ असे छापू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

स्पॉन मागवताना एसटीच्या डिकीतून दुपारभर तापत आलेली पाकिटे घेऊ नयेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पातून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून रात्रीच्या गाडीने मागवावे, आल्या आल्या उजेडात फिरवून दाणे बघावेत. शंका आली तर अंबाजोगाई किंवा खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना बांधून न्यावा, उघडा नाही.

ज्यांची बॅच गेली आहे त्यांनी खोली धुऊन किमान पंधरा दिवस बंद ठेवावी. रेशीला फळधारणेसाठी २५ ते ३० अंश उब लागते आणि दिवाळीनंतर बीडच्या रात्री गार पडतात. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर रेशी भरू नये. तोवर खोली तयार झाली नाही तर यंदा तिचा नाद सोडून ऑक्टोबरात गव्हाच्या काडावर धिंगरी घ्यावी, आणि रेशीच्या पिशव्या पुढच्या जूनसाठी ठेवाव्यात.