कारखान्याचा कारभार : आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे



आपल्यापैकी कित्येकांची मुले नोकरीनिमित्त पनवेल-खारघरकडे राहतात. तिकडे गेलात तर बेलपाडा हे नाव मेट्रोच्या स्टेशनवर वाचायला मिळेल. ही मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 पासून धावते. पण बेलपाडा मूळचे गाव आणि सारा पट्टा भातशेतीचा. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले. मग तिथल्या शेतकऱ्याने चिखलणी किती मन लावून केली, आवण किती वेळेवर लावली, याला अर्थ उरला नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पदरात पडली. भाताचा धंदा मात्र मोडला तो मोडलाच.

धंद्यावरचा बाहेरचा परिणाम म्हणतात तो हा. व्यवस्थापनाच्या पुस्तकात परिणामांचे दोन भाग सांगतात, अंतर्गत आणि बाह्य. आपला साखरधंदाही दोन्हींच्या कात्रीत आहे.

बाहेरच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत. उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवते. ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. साखरेचा किमान विक्री दर जून 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. महिन्याला किती साखर विकायची, तो कोटाही केंद्राचाच. जून 2022 पासून निर्यातीवर निर्बंध आले. आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी झाली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पुढच्या वर्षासाठी उठवलीही. पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे व्याज काही तेवढे दिवस थांबले नव्हते.

सर्वसाधारण सभेत आपण यावर पोटतिडकीने बोलतो. बोललेच पाहिजे. पण सभा तिथेच संपते, आणि घरातला हिशेब तसाच राहतो.

तो हिशेब उताऱ्याचा. 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. म्हणजे उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला तर टनाला 173 रुपये, तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी. कारखान्याच्या बाजूने पाहा. पाच लाख टन गाळप धरले तर अर्धा टक्का म्हणजे 25 हजार क्विंटल साखर; 31 रुपये दराने पावणेआठ कोटी. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

मग हा अर्धा टक्का जातो कुठे? थोडा कारखान्यात जातो, बगॅसमधून, मळीतून, वारंवार गाळप बंद पडण्यातून. त्याचा जाब आपण संचालकांना व चीफ केमिस्टना जरूर विचारावा. पण बराचसा फडातच जातो. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण उभी असताना कुणाच्या तरी चिठ्ठीवर फेब्रुवारीचा कोवळा सुरू ऊस आधी तुटतो. तोडलेला ऊस 24 तासांत गव्हाणीत पडावा, तो ट्रॉली भरेना म्हणून दोन-दोन दिवस फडात वाळतो. वाढे नीट न छाटता, पाचटासकट मोळी बांधली जाते. वजन होते, साखर होत नाही.

इथे सहकाराची खरी गोम आहे. आपण मालकही आहोत आणि माल घालणारेही. माल घालणारा म्हणून मला वजनाचे पैसे मिळतात. उतारा मात्र सगळ्यांचा मिळून सरासरी लागतो. कोवळा ऊस घालणाऱ्याला आणि पक्वतेची वाट पाहणाऱ्याला दर एकच! वशिल्याची तोड मिळाली की आपण जिंकलो असे वाटते, पण खिसा कापला जातो तो शेजारच्या सभासदाचा, आणि मालक म्हणून आपलाही. खाजगी कारखान्यात ऊस घालणारा बाहेरचा असतो. आपल्याकडे तो घरचाच आहे.

जातींचे थोडक्यात सांगतो. पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले 265 चोपण जमिनीत चांगला आणि वजनालाही भरपूर. पण सगळीकडे तोच लावून हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर उतारा कसा मिळणार?

शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्समीटर घेऊन फडात येईल तेव्हा स्वतः हजर राहा. बुडख्याचा आणि शेंड्याचा, दोन्ही रस तुमच्यासमोर तपासायला लावा. आकडा 18 च्या वर आणि दोन्हीकडे जवळपास सारखा आला की ऊस पक्व समजावा. तो आकडा तारखेसह नोंदवहीत लिहून घ्या. लागणीच्या तारखेत पुढेमागे केलेले असल्यास गट कार्यालयात येऊन गाळप सुरू होण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. नंतर आलेल्या चिठ्ठीवर तोडीचा क्रम बदलायला आम्हालाही जड जाते.