शाळेच्या टाकीतील पाणी

पाण्याला आपल्याकडे ‘जीवन’ म्हणतात. परंतु निर्मळ दिसणारे प्रत्येक पाणी निर्धोक असतेच असे नाही. आमच्या वडवणी तालुक्यातील एका शाळेत मी पाण्याची परीक्षा पाहिली, तेव्हा हे मला पटले. टाकीतले पाणी काचेसारखे स्वच्छ होते. परीक्षानळीत घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, तरी पिवळी छटा आली नाही. म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक नव्हता. पुढे नळापर्यंत जंतू शिरले, तर त्यांना अडविणारे काहीच नव्हते.

भारतीय मानकानुसार क्लोरीन दिलेल्या पाण्यात तो लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. त्यासाठी सामान्यतः १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर देऊन अर्धा तास थांबतात. पावडर दमट जागी उघडी राहिली, तर तिची शक्ती जाते. टाकीत गाळ असला, तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. म्हणून आधी टाकी घासावी, मग मात्रा द्यावी.

मात्र फ्लोराइड व नायट्रेट क्लोरीनने जात नाहीत. पाणी उकळूनही जात नाहीत. फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर राहिले, तर वाढत्या वयातील मुलांचे दात डागाळतात, आणि ते डाग पुढे जन्मभर राहतात. यास्तव विंधनविहिरीचे पाणी प्रयोगशाळेतच तपासून घेतले पाहिजे.

शाळेच्या फळ्यावर रोज पटसंख्या व हजेरी लिहितात. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात पाणी तपासल्याची तारीखही लिहिली जावी, एवढीच माझी विनंती आहे.