थेंब पडतो तेव्हा

पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीपाशी बसणाऱ्या विद्यार्थ्यास पागोळ्या काय ते सांगावे लागत नाही. कौलाच्या टोकाशी थेंब लोंबतो, फुगतो, सुटतो, आणि खालच्या डबक्यात टप्प असा आवाज होतो. आमच्या बेळगावास तर जून-जुलैत दुसरे काही ऐकूच येत नाही. परंतु थेंब पाण्यास टेकल्यानंतर त्याचे नेमके काय होते, हे त्या खिडकीतून कोणीही पाहिलेले नाही. डोळ्यास दिसते ते एवढेच, की काहीतरी उडाले.

असे का व्हावे, याचे गणित सोपे आहे. ४५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला थेंब खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे ३ मीटर असतो. गतीची समीकरणे शिकलेल्या कोणासही हे पडताळून पाहता येईल. सेकंदाच्या हजाराव्या भागात असा थेंब ३ मिलिमीटर खाली सरकतो, आणि नळाच्या थेंबाचा व्यासच मुळी ४-५ मिलिमीटर. म्हणजे कॅमेऱ्याची झडप हजारांश सेकंदात उघडून मिटली, तरी चित्रात थेंबाऐवजी एक पुसट पट्टाच उमटणार.

यावरची युक्ती झडपेत नाही, अंधारात आहे. खोली पूर्ण काळोखी करावी, कॅमेरा खुशाल उघडा ठेवावा, आणि प्रकाश मात्र निमिषाहूनही कमी काळ पाडावा. प्रकाश जितका काळ जगला, तितक्याच काळाचे चित्र उमटते. १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅलबट यांनी वेगाने फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचे चित्र घेतले होते. चाक फिरत असूनही अक्षरे वाचता आली.

थेंबाकडे ही युक्ती वळविली ती आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज अध्यापकांनी. या शोधाचा आरंभ एका शाळेत झाला, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. रग्बीच्या शाळेतील एक मुलगा काजळी धरलेल्या काचांवर काही काम करीत असता शाईचे थेंब त्यांवर सांडले. काजळीत उठलेल्या नक्षीकडे त्याचे लक्ष गेले. आपल्यापैकी बहुतेकांनी काच पुसून टाकली असती. १८७५ च्या सुमाराचा हा प्रसंग वर्दिंग्टन यांच्या मनात घर करून राहिला, आणि पुढे तीसहून अधिक वर्षे ते थेंबांच्या मागे होते.

त्यांची योजना अशी. विजेच्या चुंबकाने अडवून धरलेला थेंब आणि एक हस्तिदंती गोटी, ही दोन्ही प्रवाह तोडताच एकाच क्षणी सुटत. गोटी खाली आपटली की ठिणगी पडे. गोटीची उंची किंचित वाढविली की ठिणगी किंचित उशिरा पडे, आणि थेंबाची पुढची अवस्था दिसे. प्रत्येक अवस्थेसाठी थेंब नवा. पहिली कित्येक वर्षे छायाचित्र घेण्याइतका उजेड त्या ठिणगीत नव्हता. म्हणून ते काळोखात बसून क्षणभर दिसलेले रूप लक्षात ठेवीत आणि हाताने चितारीत. त्यांच्या त्या आकृत्या फार देखण्या आहेत. मुकुटाची टोके सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, जणू सोनाराने घडविलेली.

१८९४ साली त्यांना खरी छायाचित्रे मिळाली. ठिणगीचा उजेड सेकंदाच्या ३ दशलक्षांश भागाहूनही कमी काळ टिके. तेवढ्यात आपला मघाचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही हलत नाही. आणि चित्रांत काय दिसले? मुकुट वाकडे. एक टोक लांब, दुसरे खुरटे. एका बाजूस भिंत उंच, दुसऱ्या बाजूस फाटलेली. वर्दिंग्टन यांनी जुन्या वह्या काढल्या. तेथे वेडीवाकडी रूपेही त्यांच्याच हातची टिपलेली सापडली! प्रकाशित करताना मात्र त्यांनी ती गाळली होती, कारण तोच वाकडेपणा पुन्हा कधी येत नसे. आपल्या मनाने एक आदर्श थेंब कल्पिला आणि डोळ्यांनी त्याचीच साक्ष दिली, ही गोष्ट त्यांनी १८९५ च्या आपल्या पुस्तकात उघडपणे मान्य केली. आमच्या मते थेंबाच्या शोधाहून ही कबुली मोठी आहे.

मुकुट होतो तरी का? दुधाच्या पातळ थरावर थेंब आपटला की थर चहूकडे ढकलला जातो आणि त्याची पातळ भिंत उभी राहते. भिंतीची वरची कड पृष्ठताणामुळे आखडून जाड होते, गोल दोरीसारखी. परंतु द्रवाची लांब दोरी टिकत नसते. नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत तुटते, ते पाहावे. त्याच कारणाने कडेवर गाठी येतात आणि गाठींतून टोके फुटतात. भांडे खोल असेल तर मुकुट विरताच पाण्यातील खळगा भरून येऊन मधोमध एक स्तंभ उसळतो. त्याच्या माथ्यावर बहुतांशी मूळ थेंबाचाच द्रव असतो. हल्ली दिसणाऱ्या रंगीत छत्र्यांची चित्रे याच स्तंभाची: तो उभा असतानाच दुसरा, निराळ्या रंगाचा थेंब त्यावर अचूक आदळवितात.

अमेरिकेत एम. आय. टी. चे हॅरॉल्ड एजर्टन यांनी ठिणगीच्या जागी वायुभरित दिवा आणला. त्यांचा १९३६ चा दुधाचा मुकुट प्रसिद्धच आहे. १९५७ साली तांबड्या पार्श्वभूमीवर घेतलेला रंगीत मुकुट त्याहूनही प्रसिद्ध.

गेल्या पावसाळ्यात आम्हीही प्रयोगशाळेच्या खिडक्यांस काळा कागद लावला. साहित्य साधेच: स्टँडला बांधलेली ड्रॉपर, थाळीत दुधाचा थर, थेंबासाठी खाण्याचा तांबडा रंग घातलेले दूध, एक कॅमेरा व सुटा फ्लॅश. पुष्कळ फ्लॅशांचा उजेड पूर्ण शक्तीवर सुमारे हजारांश सेकंद टिकतो. शक्ती अगदी कमी केली की तो वीस हजारांशाच्या आसपास येतो. म्हणून फ्लॅश मंद करून थाळीच्या अगदी जवळ आणावा. (तो उघडून आत बोट घालू नये, बंद असतानाही आतील विजेचा साठा जोराचा झटका देतो.) आमच्याजवळ हस्तिदंती गोटी नव्हती. कळ हातानेच दाबीत होतो. पहिल्या चाळीस चित्रांत निव्वळ थाळी आली. मग मुलांनी थेंबांचा ताल मोजण्यास आरंभ केला, आणि एकसष्टाव्या चित्रात मुकुट सापडला.

दोन सायंकाळी मिळून दोनशे बारा चित्रे झाली. मुकुट त्यांपैकी एकोणीस. फलकावर लावण्यासाठी आम्ही त्यांतील तीन निवडली, अर्थात सर्वांत रेखीव. वर्दिंग्टन यांची गोष्ट आम्ही आदल्याच दिवशी वर्गात सांगितली होती. नववीतील एक विद्यार्थिनी फलकासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बाकीचे सोळा कोठे आहेत?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी एकोणीसही चित्रे घेतल्या क्रमाने लावली, आणि त्यांच्या आधी रिकाम्या थाळीचे एक. अकराव्या चित्रात मुकुटाची डावी भिंत पार कोसळलेली आहे, आणि एक तांबडा कण चौकटीबाहेर निघाला आहे. मुले त्याच चित्रापाशी अधिक थांबतात.