गाडी उलाळ करू नका

श्रावण सरत आला. लालबागच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती रंगू लागल्या. तिथल्या एका चाळीतल्या दोघा भावांना गावची ओढ लागली. गाव चिपळूणजवळ. सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. रेल्वेचे तिकीट मिळाले नाही. तेव्हा मोटारसायकलने जायचे ठरले.

आदल्या रात्री त्यांनी सामान बांधले. मागे कॅरिअरवर पत्र्याची ट्रंक. तिच्यावर साखरेची पिशवी. त्यावर कपड्यांचे बोचके. शेजारचे काका आले. त्यांनी हँडल हलवून पाहिले.

"पुढचे चाक हलके लागते रे! बैलगाडी उलाळ झाली तर काय होते?"

"काका, जू वर उचलते. बैलाचा गळा आवळतो."

"तसेच हे. ओझे फार मागे गेले, की पुढचे चाक हलके होते. मग ते वळणावर ऐकत नाही. ओझे उंच असले, तर गाडी डुलते. वाटेत कशेडीचा घाट आहे. पावसाचे दिवस. तिथे गाडी घसरली तर?"

"पण काका, हे सगळे आईसाठी घेतले आहे."

"आईला ट्रंक हवी, की तुम्ही दोघे?"

भाऊ गप्प झाले. धाकट्याने गाडीचे पुस्तक काढले आणि वाचून दाखवले. गाडीला किती वजन चालते, ते त्यात लिहिलेले असते. या गाडीला माणसे धरून 130 किलो चालत होते. दोघे भाऊ 60-60 किलोचे. झाले 120. सामानाला उरले फक्त 10 किलो! ट्रंक आणि साखर त्यांनी एस.टी.ने जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवली.

मग काकांनी सामान बांधायची रीत सांगितली :

1. जड वस्तू खाली आणि सीटजवळ ठेवा. हलक्या वस्तू वर ठेवा.
2. दोन्ही बाजूंच्या पिशव्या सारख्या वजनाच्या करा.
3. पिशवी सायलेन्सरला टेकवू नका. ती जळेल.
4. मागचा लाल दिवा आणि नंबर झाकू नका.
5. दोरीचे टोक लोंबते ठेवू नका. ते चाकात अडकले, तर चाक जागीच थांबते.
6. कपडे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसात भिजणार नाहीत.
7. ओझे असताना मागच्या चाकात किती हवा हवी, तेही पुस्तकात असते. हवा सकाळी, चाक गार असताना मोजा.

पहाटे दोघे निघाले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. कायदाच तसा आहे. अटल सेतू 2024 साली सुरू झाला; पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. म्हणून ते दादर, शीव, वाशीच्या पुलावरून पनवेलला आले. गाडीच्या हादऱ्यांनी दोऱ्या सैल होतात. पनवेलला थांबून त्यांनी त्या पुन्हा आवळल्या. भरलेली गाडी लवकर थांबत नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून ते लांब राहिले. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर मागे पडले. घाटात त्यांनी गाडी सावकाश चालवली.

दुपारी आई दारातच उभी होती. तिने आधी मुलांना डोळे भरून पाहिले. पिशव्या तिने नंतर उघडल्या.

तुमच्याकडे मोटारसायकल आहे का? मग आजच तिचे पुस्तक काढा. वजनाचा आकडा शोधा आणि मोठ्याने वाचा.