मेंढ्यांचा गर्भपात आणि मांजराची विष्ठा

प्रश्न : कळपातील मेंढ्या गाभडल्या, एक गर्भ वाळून काळा पडला होता. याचे कारण परजीवी असेल का?

उत्तर : असू शकते. टोक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडपुटी, म्हणजे टणक कवचाची सूक्ष्म बीजे, विष्ठेवाटे चाऱ्यात मिसळून मेंढीच्या पोटात जातात. सुमारे 5 महिन्यांच्या गाभणकाळात आरंभी लागण झाल्यास गर्भ जिरतो व मेंढी नुसती भाकड भासते, मध्यावर झाल्यास तो मरून वाळतो, तर अखेरीस झाल्यास कोकरू बहुधा जगते. वारेच्या लालसर गाठींवर 1 ते 2 मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसल्यास संशय बळावतो. मात्र ब्रुसेल्लासारखे जिवाणूही गाभ पाडत असल्याने प्रयोगशाळेतील तपासणी अटळ आहे. टोक्सोप्लाझ्माच ठरल्यास मेंढी विकण्याची घाई नको, कारण तिच्यात सहसा प्रतिकारशक्ती येते. गर्भवती स्त्रियांनी मात्र अशा वारेला हात लावू नये.