बेसमेंटमधले पाइप ओळखा, मगच कोटेशन मागा

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोच्या उपनगरात घर घेताना माहितीपत्रकात बहुधा एक ओळ असते: बेसमेंटमध्ये बाथरूमचं रफ-इन. म्हणजे बिल्डरने स्लॅब ओतायच्या आधीच सांडपाण्याचे पाइप जमिनीखालून टाकून त्यांची तोंडं वर काढून ठेवलेली असतात. पुढे कधीतरी आई-बाबांचं सहा महिन्यांसाठी यायचं ठरतं, खाली एक खोली आणि बाथरूम हवंसं वाटतं, आणि तेव्हा त्या तीन-चार टोपणबंद नळ्यांपैकी कुठली कशासाठी, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

ते आधी कळायला हवं, कारण या कामाचा खर्च फुगतो तो काँक्रीट फोडल्याने. वापरता येईल असं रफ-इन असेल तर साधं पूर्ण बाथरूम अमेरिकेत ढोबळमानाने आठ ते पंधरा हजार डॉलरमध्ये होतं. स्लॅब फोडून नवे पाइप टाकायचे तर त्यावर आणखी काही हजार चढतात.

मापापासून सुरुवात करा. पाइपवर छापलेला आकडा पुसला गेला असेल तर दोरी गुंडाळून घेर मोजा. घेर सुमारे ६ इंच भरला तर तो दीड इंची पाइप, साडेसात भरला तर दोन इंची, ११ भरला तर तीन इंची आणि १४ भरला तर चार इंची. पट्टी आडवी धरून मोजलंत तर फसाल, कारण तीन इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच असतो. रंगावर जाऊ नका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पांढरा पीव्हीसी दिसतो, कॅनडात काळा एबीएस, पण काम दोघांचं एकच.

तीन किंवा चार इंची पाइप भिंतीपासून फूटभर अंतरावर असेल तर तो कमोडचा. कमोडच्या ड्रेनचा मध्य तयार भिंतीपासून १२ इंच धरतात. भिंतीची नुसती लाकडी चौकट उभी असेल तर साडेबारा धरा, कारण अर्धा इंच ड्रायवॉल यायचा आहे. अंतर थोडं चुकलेलं दिसलं म्हणून लगेच फोडाफोडीला होकार देऊ नका. १० आणि १४ इंचांचे कमोडही मिळतात. मध्यापासून दोन्ही बाजूंना मात्र किमान १५ इंच मोकळे हवेत.

दोन इंची पाइप भिंतीपासून लांब, जमिनीत एकटा असेल तर तो शॉवरचा. टोपण काढता येत असेल तर आत टॉर्च मारून पाहा: पाणी साचलेलं दिसलं, तर खाली ट्रॅप, म्हणजे गटाराचा वायू अडवणारा वाकडा पाइप, आधीच बसवलेला आहे. स्लॅबमध्ये चौकोनी खळगा सोडून त्यात खडी भरलेली असेल, तर ती बाथटबची जागा. भिंतीच्या रेषेत उभा असलेला दीड-दोन इंची पाइप बेसिनचा, आणि तोच वर छताकडे गेला असेल तर बहुधा व्हेंट, म्हणजे हवा खेळती ठेवणारा पाइपही तोच. पाहून झालं की टोपण लगेच घट्ट लावा. उघड्या पाइपातून गटाराचा वायू घरात येतो, आणि तो नुसत्या दुर्गंधीचा प्रश्न नाही, तो विषारी असतो.

आता सगळ्यात घातक गोंधळ. अनेक भागांत रेडॉन वायू बाहेर काढण्यासाठीही तीन-चार इंची पाइप स्लॅबमधून वर काढलेला असतो. तो खडीत संपतो, गटाराला जोडलेलाच नसतो. त्यावर कमोड बसवला तर सगळी घाण घराच्या पायाखाली जाईल. रेडॉनचं लेबल शोधा, पण लेबल नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शंका असेल तर प्लंबरकडून कॅमेरा आत घालून घ्या. त्याला काहीशे डॉलर लागतात आणि ते मला पूर्णपणे योग्य वाटतात.

मग मुख्य गटाराचा पाइप घराबाहेर कुठून पडतो, ते पाहा. तो बेसमेंटच्या जमिनीच्या वर, भिंतीतून जात असेल तर सांडपाणी वर ढकलायला इजेक्टर पंप लागेल. त्याचा खड्डा घट्ट झाकणाचा असतो आणि झाकणातून व्हेंटचा पाइप निघतो. पावसाच्या पाण्याचा संप पंप वेगळा. त्यात कमोडचं पाणी कधीही सोडायचं नाही. खड्डा नसेल तर पंपासकट हे काम दोन ते पाच हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतं. म्हणून कोटेशन मागताना पंप लागेल का, हाच पहिला प्रश्न विचारा.

किमान तीन कोटेशनं घ्या, आणि प्रत्येकाला प्रत्येक पाइपाचे मोजपट्टीसकट काढलेले फोटो पाठवा. काँक्रीट फोडणं, पंप, व्हेंट, परमिट आणि इन्स्पेक्शन यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. “परमिटची गरज नाही, स्वस्तात करून देतो” म्हणणाऱ्याला नकार द्या; घर विकताना ते काम उघडं करून दाखवायची पाळी येऊ शकते. इन्स्पेक्टर पाहून गेल्यावर, ड्रायवॉल लागण्यापूर्वी, भिंतीतल्या सगळ्या पाइपांचे फोटो काढून घराच्या कागदपत्रांत ठेवून द्या.